घसारा तयारीलाही लागतो

सप्टेंबर २०२४च्या आरंभी परभणी जिल्ह्यात अतिवृष्टी झाली. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्याने पुन्हा पूर पाहिला. पूल पाण्याखाली गेले की बाहेरची मदत पोचेपर्यंतचे पहिले काही तास गावालाच निभावून न्यावे लागतात. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हाही ढिगाऱ्याखालची माणसे प्रथम शेजाऱ्यांनीच बाहेर काढली. उणीव सद्भावनेची नव्हती. शिक्षणाची आणि साधनांची होती.

ती भरून काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१६ साली ‘आपदा मित्र’ योजना आरंभिली. पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक तयार करण्याचे ठरले. बारा दिवसांचे प्रशिक्षण, जीवरक्षक जाकीट, विजेरी, प्रथमोपचार पेटी आणि विमा, असे तिचे स्वरूप. योजना स्तुत्य आहे. परंतु हे भांडवल आहे आणि भांडवलाला घसारा असतो. विजेरीचे सेल संपतात, औषधांची मुदत उलटते, सरावावाचून शिकलेले विसरते. प्रशिक्षित तरुण नोकरीसाठी पुण्यास गेला की त्याचे कौशल्यही गावास अंतरते.

म्हणून जायकवाडीचे दरवाजे उघडण्याची वाट न पाहता गंगाखेड, सोनपेठ, पालम, पाथरी तालुक्यांतील गोदाकाठच्या ग्रामपंचायतींनी दरवर्षी मृगापूर्वी साहित्याची मोजदाद करावी, एक दिवस सराव घ्यावा आणि नवे तरुण जुन्यांच्या हाताखाली द्यावेत. पुरानंतरच्या पंचनाम्यांवर जी शाई खर्ची पडते, तिचा अल्पांश तरी तयारीच्या नोंदवहीला मिळावा.