खोडदचा डेटा आणि न सापडणारी लायब्ररी

जुन्नर तालुक्याच्या पूर्वेला खोडद. खोडद आणि आसपासच्या शिवारात ‘जीएमआरटी’ या रेडिओ दुर्बिणीच्या 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या सुमारे 25 किलोमीटरच्या पट्ट्यात उभ्या आहेत. तिथला डेटा उघडायचा तो बहुधा लिनक्सवर, आणि नव्या संशोधकाचा घाम निघतो तो इथेच.

‘स्पॅम’ हेच घ्या. हूब इंटेमा यांच्या या डेटा-प्रक्रिया प्रणालीच्या मदतीने जीएमआरटीच्या 150 मेगाहर्ट्झच्या निरीक्षणांतून जवळजवळ 90 टक्के आकाशाचा नकाशा तयार झाला. तो 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. पण स्पॅमला ‘पार्सलटंग’ हे दुसरं सॉफ्टवेअर लागतं, पार्सलटंगला ‘ओबिट’ आणि ‘एप्स’ ही आणखी दोन. एप्स म्हणजे 1978 मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं फोरट्रानचं धूड! वर हे सगळं पायथन 2 वर. त्याची देखभाल 1 जानेवारी 2020 ला थांबली, आणि डेबियन 12 ने तर त्याला घराबाहेरच काढलं.

जुना फोरट्रान प्रोग्राम नव्या उबुंटूवर चालवला की पडद्यावर एकच ओळ उमटते: लायब्ररी उघडता येत नाही. ‘एलडीडी’ आज्ञा दिली की प्रोग्रामला लागणाऱ्या लायब्रऱ्यांची लांबलचक यादी येते आणि ‘लिबजीफोरट्रान.एसओ.3’ समोर ‘नॉट फाउंड’. संगणकावर असते ती पाच क्रमांकाची. मग कोणीतरी शक्कल लढवतं, पाचलाच तीनच्या नावाची लिंक देतं. फाइल सापडते, पण आतल्या फंक्शनांवर आवृत्तीचा शिक्का असतो; तो जुळत नाही आणि प्रोग्राम पुन्हा आडवा. दुसरा मार्ग याहून घातक: जुनं पॅकेज जबरदस्तीने बसवणं. पॅकेजं बसवणारा ‘एप्ट’ काय काय काढून टाकणार आहे ती यादी न वाचता ‘वाय’ दाबलं, तर अख्खा डेस्कटॉपही जाऊ शकतो.

शहाणे लोक संगणकाच्या मूळ प्रणालीला हात लावत नाहीत. डॉकर किंवा सिंग्युलॅरिटीच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी संगणकापासून अलग ठेवलेल्या कप्प्यात, उबुंटू 18.04 उभं करतात. त्यात तीन क्रमांकाची लायब्ररीही मिळते, पायथन 2 ही. कर्नल नवा असला तरी बिघडत नाही, कारण जुन्या प्रोग्रामांच्या हाका तो अजून ओळखतो.

रेडिओ खगोलशास्त्राचं ‘कासा’ हे सॉफ्टवेअर मात्र आपल्या लायब्रऱ्या आणि पायथन सोबतच घेऊन येतं. त्यापायी डाउनलोड अवाढव्य, पण कटकट कमी. जीएमआरटीच्या डेटासाठी पुण्यातल्या रुता काळे आणि ईश्वरचंद्र यांनी त्यावर ‘कॅप्चर’ ही डेटा-प्रक्रियेची साखळी रचली. पुढे कासाच पायथन 3 वर गेलं, आणि ‘कासा 6’साठी कॅप्चरची वेगळी आवृत्ती करावी लागली.