पुरस्काराचे परीक्षक कोण असतात? शेंद्र्यातून आलेल्या एका प्रश्नाच्या निमित्ताने

शेंद्रा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला असलेला आपला एक तरुण मित्र आहे. दिवसा प्रेस शॉपमध्ये मशीनवर, रात्री मोबाईलवर पोस्टर आणि रील. वस्तीतल्या 14 एप्रिलच्या मिरवणुकीचे बॅनर गेली काही वर्षे त्याच्याच हातचे असतात. दर वर्षी 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो आणि पुढे आठवडाभर कंपन्यांत घोषवाक्य आणि पोस्टर स्पर्धा चालतात. त्याने पोस्टर दिले. पोस्टरवर हात नव्हता, रक्त नव्हते. बंद करून ठेवलेला प्रेसचा सेन्सर होता आणि खाली दोनच ओळी: टार्गेट 900, बोटे 10. बक्षीस मिळाले यमक जुळवलेल्या एका घोषवाक्याला.

त्याचा फोन आला. "जय भीम दादा. हरलो त्याचं काही नाही. पण परीक्षक कोण होते, हे विचारता येतं का?" विचारल्यावर कळले की एक एचआरचे अधिकारी, एक सेफ्टी ऑफिसर आणि ऑफिसातले एक साहेब. प्रेसवर उभा राहिलेला त्यांच्यात कुणी नव्हता. यात कुणाची लबाडी होती असे आम्हाला वाटत नाही. ज्याने ते मशीन चालवले नाही, त्याला त्या पोस्टरमधला बंद सेन्सर दिसलाच नसेल, एवढेच.

त्याचा प्रश्न मात्र मोठा आहे. जाहिरात, जनसंपर्क, पत्रकारिता या सगळ्याला आता 'कम्युनिकेशन इंडस्ट्री' म्हणतात. तिथे दर वर्षी शेकडो बक्षिसे वाटली जातात. बक्षीस कुणाला मिळाले याची बातमी होते. ते कुणी दिले, तो माणूस आधी काय काम करत होता, हे कुणी वाचत नाही. आपल्या समाजातली किती तरी मुले-मुली आज डिझाईन, व्हिडिओ, सोशल मीडिया, पत्रकारिता या क्षेत्रांत शिरत आहेत. त्यांनी ही यादी वाचायला शिकावे म्हणून हा लेख.

आपल्याकडचे जुने आणि मानाचे उदाहरण म्हणजे ॲबी पुरस्कार. मुंबईची दी ॲडव्हर्टायझिंग क्लब ही संस्था ते देते. जाहिरात-संस्थांची संघटना आणि हा क्लब मिळून गोव्यात 'गोवाफेस्ट' भरवतात. 2006 साली तो सुरू झाला आणि पुढे ॲबीही त्याच मंचावर आले. 2024 मध्ये मात्र हा गोवाफेस्ट मुंबईतच झाला. 2022 पासून अमेरिकेतल्या 'वन शो' या पुरस्काराशी ॲबीची जोडणी आहे.

पद्धत साधारण अशी असते. एजन्सी आपले काम प्रवेशिका म्हणून पाठवते. प्रत्येक प्रवेशिकेमागे हजारो रुपये फी पडते, म्हणजे छोटी एजन्सी आणि एकटा कलाकार पहिल्याच दारात अडतो. मग चित्रफीत, छापील जाहिरात, डिझाईन, डिजिटल, जनसंपर्क, मीडिया अशा गटांची वेगवेगळी परीक्षक मंडळे बसतात. पहिल्या फेरीत शॉर्टलिस्ट होते, दुसऱ्या फेरीत सोने-चांदी-ब्राँझ ठरते. स्वतःच्या एजन्सीच्या कामाला परीक्षकाने मत द्यायचे नाही, असा नियम असतो. परीक्षक होण्यासाठी सहसा अर्ज नसतो, बोलावणे येते.

बोलावणे कुणाला येते? चित्रफीत आणि छापील जाहिरातींच्या मंडळात बहुतेक क्रिएटिव्ह डायरेक्टर असतात. म्हणजे ज्यांनी कॉपीरायटर किंवा आर्ट डायरेक्टर म्हणून सुरुवात केली आणि पंधरा-वीस वर्षांत वर चढले. मीडियाच्या मंडळात जाहिरातीची जागा आणि वेळ विकत घेणारे मीडिया प्लॅनर. जनसंपर्काच्या मंडळात पीआर कंपन्यांचे प्रमुख आणि मोठ्या कंपन्यांचे 'कॉर्पोरेट कम्युनिकेशन' सांभाळणारे अधिकारी, यांपैकी बरेच पूर्वाश्रमीचे पत्रकार. डिजिटलमध्ये तंत्रज्ञ आणि निर्माते. आणि जिथे जाहिरातीचा परिणाम मोजायचा असतो तिथे ब्रँड मॅनेजर, मार्केटिंग प्रमुख, म्हणजे पैसे देणारी बाजू. परिणाम मोजणारा पुरस्कार म्हणजे एफी. तो अमेरिकेत 1968 साली सुरू झाला, आणि भारतात तोही हीच ॲडव्हर्टायझिंग क्लब चालवते. ॲबीत विचारतात, कल्पना किती चांगली? एफीत विचारतात, माल विकला का, लोकांचे वागणे बदलले का? शेंद्र्यातल्या पोस्टरला एफीच्या मापाने पाहिले असते, तर विचारावे लागले असते की पोस्टर लावल्यावर सेन्सर चालू राहिला का. ते कुणी मोजले नाही.

आपल्याच धंद्यातल्या लोकांनी आपल्याला तपासावे यात चूक नाही. कुंभाराच्या मडक्याची पारख कुंभारच करतो. ढोलकीचा बिघडलेला ठेका आधी ढोलकीवाल्यालाच कळतो. शिवाय या धंद्यातली माणसेही एका साच्यातली नसतात. पीयूष पांडे राजस्थानकडून रणजी क्रिकेट खेळले, काही काळ चहाची चव तपासण्याची नोकरी केली आणि 1982 साली ओगिल्व्हीत आले. पोलिओची 'दो बूंद जिंदगी की' ही त्यांच्याच हातची. 2004 साली फ्रान्सच्या कान शहरातल्या जागतिक जाहिरात महोत्सवात ते परीक्षक मंडळाचे अध्यक्ष झाले, तो मान मिळवणारे पहिले आशियाई. जेजुरीवर इंग्रजीत कविता लिहिणारे आपले अरुण कोलटकर पोटापाण्यासाठी मुंबईत आर्ट डायरेक्टर होते. कम्युनिकेशन आर्ट्स गिल्डचा पुरस्कार त्यांनी सहा वेळा मिळवला. म्हणजे आत शिरण्याचे दार एकच नाही.

अडचण वेगळी आहे. सगळे परीक्षक एकाच उताराने खाली आले असतील, तर त्यांना न दिसणाऱ्या गोष्टीही एकच असतात.

2023 च्या जूनमधली जाहिरात आठवा. पर्यावरण दिनानिमित्त झोमॅटोने एक चित्रफीत आणली. 'लगान' सिनेमातला कचरा हे पात्र, अस्पृश्य म्हणून वाळीत टाकलेला तो गोलंदाज, आठवतो ना? तीच भूमिका केलेल्या कलाकाराला या जाहिरातीत दिव्याचे स्टँड, टेबल, झारी अशा वस्तूंच्या रूपात दाखवले होते. पुनर्वापर केलेल्या कचऱ्यापासून बनलेल्या वस्तू, असा तो विनोद. माणूसच सामान झाला होता, आणि माणूसही तोच, ज्याचे नाव गावाने कचरा ठेवले. समाजातून संताप उसळला, 'मसान'चे दिग्दर्शक नीरज घायवान यांनीही जाहीर टीका केली. कंपनीने जाहिरात मागे घेतली. राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाने नोटीस काढली.

आता मोजा. अशी जाहिरात एकट्याने होत नाही. कुणीतरी ओळ लिहितो, कुणीतरी चित्र आखतो, क्रिएटिव्ह डायरेक्टर मान्यता देतो, कंपनीची मार्केटिंगची माणसे पाहतात, मग शूटिंग, संकलन, पुन्हा मंजुरी. एवढ्या हातांतून ती सुखरूप बाहेर आली. एकाही टेबलावर ती थांबवली गेली नाही. आमचा मुद्दा हा आहे की उद्या याच टेबलांवरची माणसे पुरस्कारांच्या परीक्षक मंडळात बसतात. 'व्वा, काय कल्पना आहे' म्हणणारी आणि 'थांबा' न म्हणणारी नजर एकच.

यावर एक उत्तर हमखास मिळते, की इथे जात कोण पाहतो, इथे फक्त गुणवत्ता. जाहिरातीच्या शेजारच्या खोलीत, बातम्यांच्या खोलीत, मोजणी झालेली आहे. 1996 साली 'पायोनियर'मध्ये बी. एन. उनियाल यांनी लिहिले होते. एका परदेशी वार्ताहराला दलित पत्रकाराशी बोलायचे होते, म्हणून त्यांनी दिल्लीतल्या मान्यताप्राप्त वार्ताहरांत शोध घेतला. एकही सापडला नाही. दहा वर्षांनी, 2006 मध्ये, योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी दिल्लीतल्या 37 राष्ट्रीय माध्यमांतली निर्णय घेणारी 315 माणसे तपासली. दलित शून्य, आदिवासी शून्य. 2019 मध्ये ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्रीने 121 नेतृत्वाची पदे तपासली. 106 उच्चजातीयांकडे. पाच ओबीसींकडे, सहा अल्पसंख्याकांकडे, चौघांची जात कळली नाही. अनुसूचित जाती-जमातींचे पुन्हा शून्य. जनसंपर्काच्या मंडळातले परीक्षक बरेचदा याच संपादकीय खुर्च्यांवरून आलेले असतात, हे वर सांगितलेच.

बाबासाहेबांना ही गोष्ट शंभर वर्षांपूर्वी जाहिरातीच्याच निमित्ताने भोगावी लागली होती. 31 जानेवारी 1920 रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला 'केसरी'ने नकार दिला. जागा होती, पैसे देणारा होता, नाही म्हणणारा टेबलाच्या पलीकडे बसला होता.

मग बाहेरचे परीक्षक आणले तर? काही पुरस्कार तसे करतात. इंडियन एक्स्प्रेस समूहाच्या रामनाथ गोएंका पत्रकारिता पुरस्कारांच्या परीक्षकांत न्या. बी. एन. श्रीकृष्ण, माजी मुख्य निवडणूक आयुक्त एस. वाय. कुरैशी अशी माणसे राहिली आहेत. मुंबईच्या 1992-93 च्या दंगलींची चौकशी केलेला न्यायाधीश पुरावा कसा तपासायचा ते जाणतो. बातमी तपासायला ही पार्श्वभूमी आम्हाला चांगली वाटते. जाहिरातीच्या मंडळातही एखादा वकील, एखादी सफाई कामगार संघटनेची कार्यकर्ती, एखादा प्राध्यापक बसायला काय हरकत आहे? हरकत एवढीच सांगतात की त्यांना क्राफ्ट कळत नाही. खरे आहे. पण क्राफ्ट कळणारेही फसतात. 2013 मध्ये फोर्ड फिगोची चित्रे गाजली. गाडीच्या डिकीत बांधून ठेवलेल्या बायका दाखवणारी ती चित्रे जेडब्ल्यूटी इंडियाच्या लोकांनी केली होती. कंपनीने ती कधी प्रसिद्धच केली नव्हती. जाहिरातवाल्यांच्या एका संकेतस्थळावर ती चढली आणि जगभर छी-थू झाली. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणाला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. ग्राहकासाठी नव्हे तर बक्षिसासाठी बनवलेल्या अशा कामाला धंद्यात 'स्कॅम' जाहिरात म्हणतात.

2025 मध्ये कानला तर सर्वोच्च बक्षीसच परत गेले. ब्राझीलच्या डीएम9 या एजन्सीने स्पर्धेसाठी पाठवलेल्या चित्रफितीत कृत्रिम बुद्धिमत्तेने बदललेली दृश्ये निघाली. हे का घडते, तर परीक्षक मूळ काम रस्त्यावर जाऊन पाहत नाहीत. ते दोन मिनिटांची, गुळगुळीत इंग्रजीतली 'केस फिल्म' पाहतात. ती बनवणे ही स्वतंत्र कारागिरी झाली आहे. ज्याच्याकडे ती बनवायला पैसा आणि इंग्रजी नाही, त्याचे खरे काम तिथे लहान दिसते.

तर आपल्या तरुणांनी करायचे काय? प्रवेशिका भरण्याआधी परीक्षकांची नावे वाचा. त्यांची आजची पदवी बाजूला ठेवा, पहिली नोकरी पाहा. कॉपीरायटर असेल तर शब्द तोलेल, आर्ट डायरेक्टर चित्र तोलेल, मार्केटिंगवाला आकडा मागेल, जुना पत्रकार 'हे खरे आहे का' विचारेल. एकच काम वेगवेगळ्या मंडळापुढे वेगवेगळे मांडावे लागते. स्थानिक स्पर्धा असेल तर आयोजकांना लेखी विचारा की ज्यांच्यासाठी हे पोस्टर आहे, त्यांच्यातला परीक्षक कोण? विचारण्यात उर्मटपणा नाही.

आणि परीक्षकाच्या खुर्चीपर्यंतची वाट पंधरा-वीस वर्षांची आहे, म्हणून ती आजच धरावी लागते. आपल्याच शहरात शासकीय कला महाविद्यालय आहे, तिथे उपयोजित कला शिकवतात. मोठ्या एजन्सींचे आर्ट डायरेक्टर अशाच शिक्षणातून येतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात वृत्तविद्या विभाग आहे. नामांतरासाठी ज्या विद्यापीठापायी आपल्या माणसांची घरे जळाली, तिथून शिकलेली मुले बातमीत जातात, जाहिरातीत फार कमी. 'जाहिरात म्हणजे भांडवलदारांची चाकरी' असे काही जुने कार्यकर्ते म्हणतात. त्यांच्याबद्दल आदर ठेवून आम्ही म्हणतो, शेंद्र्यात स्कोडाच्या गाड्या जोडायला आपली मुले जातातच, ती चाकरी नाही का? गाडी जोडणारे हात शेंद्र्यातले आणि त्या गाडीबद्दल काय बोलायचे ते ठरवणारे डोके कायम दुसरीकडचे, ही वाटणी कुणी ठरवली?

त्या मित्राने पोस्टर फेकून दिलेले नाही. प्रेस शॉपमधल्या आठ-दहा जणांना त्याने ते मोबाईलवर दाखवले आणि गुण द्यायला सांगितले. एका वयस्कर ऑपरेटरने, ज्याच्या डाव्या हाताला चार बोटे आहेत, त्याने दहापैकी सहाच दिले. म्हणाला, सेन्सर आपण बंद करत नाही, सुपरवायझर करायला लावतो, ते कुठे दाखवलंस? पुढच्या 4 मार्चसाठी तो आता त्याच पोस्टरवर पुन्हा बसला आहे.