पिकअप वाहनांतील पॉवर स्टीअरिंगचे बिघाड

पॉवर स्टीअरिंग ही वाहनाची पुढची चाके वळवताना चालकाला लागणारे बळ कमी करणारी यंत्रणा आहे. जुन्या पिकअप वाहनांत ती बहुधा तेलाच्या दाबावर चालते. ती निकामी झाली तरी स्टीअरिंग व चाके यांमधील यांत्रिक जोड कायम राहतो. त्यामुळे वाहन वळवता येते, मात्र त्यासाठी बरेच अधिक बळ लागते. १९५१ मध्ये क्रायस्लर इम्पीरियल या मोटारीत ही यंत्रणा प्रथम व्यापारी स्वरूपात देण्यात आली.

रचना व कार्य

या यंत्रणेत तेलाची टाकी, पंप, उच्च दाबाचा होज पाइप, स्टीअरिंग बॉक्स आणि तेल टाकीत परत आणणारी नळी हे मुख्य भाग असतात. पंप इंजिनावरील पट्ट्याने फिरतो. चालकाने स्टीअरिंग वळवताच बॉक्समधील झडप दाबाखालील तेल दट्ट्याच्या एका बाजूस सोडते व चाके वळण्यास साहाय्य मिळते. इंजिन बंद झाल्यास पंप थांबतो आणि हे साहाय्यही थांबते.

घाटरस्त्यांवरील महत्त्व

नंदुरबार जिल्ह्याच्या उत्तर भागात सातपुड्याची रांग आहे. अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके तसेच तोरणमाळ हे थंड हवेचे ठिकाण या डोंगराळ भागात येतात. अशा रस्त्यांवर मालाने भरलेले वाहन कमी वेगात, तीव्र वळणांवर वारंवार वळवावे लागते आणि स्टीअरिंगच्या साहाय्याची गरज अशाच वेळी सर्वाधिक असते. इंधन वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद करून वाहन सोडणे धोकादायक ठरते. त्याने स्टीअरिंग जड होते, इंजिनाचा रोध नाहीसा होतो आणि काही वेळा पेडल दाबल्यानंतर ब्रेकचे साहाय्यही संपते.

लक्षणे

* दोन्ही बाजूंना स्टीअरिंग जड होणे: तेल कमी असणे, पट्टा सैल होणे किंवा पंप झिजणे.
* एकाच बाजूला जड होणे: बॉक्समधील झडप किंवा सील खराब होणे.
* वळवताना किंचाळल्यासारखा आवाज येणे: पट्टा घसरणे.
* घुरघुर व तेलात फेस: यंत्रणेत हवा शिरणे.
* स्टीअरिंगमध्ये अधिक प्ले: टाय रॉडचे सांधे किंवा बॉक्स झिजणे.

निदान

स्टीअरिंग जड झाले म्हणजे पंपच बिघडला, असे नसते. पंप बदलणे खर्चिक असल्याने सोप्या तपासण्या आधी केल्या जातात. प्रथम पुढच्या टायरमधील हवा, नंतर तेलाची पातळी व रंग आणि पट्ट्याचा ताण पाहतात. त्यानंतर नळ्या व सांधे पुसून, इंजिन सुरू करून गळती शोधतात.

यानंतर इंजिन बंद ठेवून पुढची चाके जमिनीपासून उचलतात व स्टीअरिंग फिरवतात. या स्थितीतही ते अडकत असेल, तर दोष तेलयंत्रणेत नसून बॉल जॉइंट, किंग पिन किंवा स्टीअरिंगच्या दांड्याच्या सांध्यात असू शकतो. अखेरीस पंप व बॉक्स यांच्यामध्ये झडप असलेला दाबमापक जोडतात. झडप क्षणभर बंद करूनही दाब वाढला नाही, तर दोष पंपात असतो. झडप बंद असताना दाब योग्य, पण ती उघडी ठेवून चाके टोकापर्यंत वळवल्यावर तो कमी आढळल्यास बॉक्समध्ये अंतर्गत गळती असते. झडप सुमारे ५ सेकंदांहून अधिक काळ बंद ठेवल्यास पंप खराब होऊ शकतो.

दुरुस्ती

सैल पट्टा ताणला जातो व भेगाळलेला बदलला जातो. गळणाऱ्या होज पाइपच्या जागी त्याच दाबाला टिकणारा पाइप बसवावा लागतो. तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रकारचेच वापरावे लागते. ब्रेक ऑइल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात. पंप झिजला असेल, तर धातूचे कण काढण्यासाठी नवा पंप बसवण्यापूर्वी संपूर्ण यंत्रणा धुतली जाते.

तेल भरल्यावर हवा काढण्यासाठी चाके उचलून, इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग दोन्ही टोकांपर्यंत अनेकदा हळू फिरवतात. तेलाची पातळी स्थिर झाल्यावर इंजिन सुरू करून हीच कृती पुन्हा करतात.

सुरक्षितता

दाबाखालील तेल त्वचेत घुसू शकते, म्हणून गळती हाताने चाचपून शोधू नये. वाहन केवळ जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवणे आवश्यक असते.