घरचा सायलेन्सर : पैसे वाचतील, पण फुप्फुसांचे काय?

गाडीचा सायलेन्सर मागच्या टोकाकडून आधी सडतो. याला कारण आहे. पेट्रोल जळते तेव्हा धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. गाडी लांब पल्ल्याची असेल तर सगळी नळी तापते आणि वाफ बाहेर निघून जाते. पण शहापूरहून भंडाऱ्याला जाणे आणि संध्याकाळी परतणे एवढीच जिची रोजची धाव, त्या गाडीची मागची डबी नीट तापतच नाही. पाणी आत साचते, धुरातील आम्लांश त्यात मिसळतो आणि पत्रा आतून खाल्ला जातो. मग एके दिवशी स्पीडब्रेकरवर काहीतरी तुटल्याचा आवाज होतो आणि कार ट्रॅक्टरसारखी भडभडू लागते.

दुकानातला नवा सायलेन्सर महाग वाटतो. ज्याच्या हातात थोडी कला आहे तो म्हणतो, त्यात आहे तरी काय? चार-पाच फूट पाइप, दोन बेंड, एक डबी. वेल्डिंग मशीन शेजाऱ्याकडून आणू, रविवारी अंगणात बसून काम उरकू. काही तरुणांना पैशाची चिंता नसते, त्यांना आवाजच हवा असतो. दोघांचेही काम शेवटी एकाच ठिकाणी येते : अंगण, पाइप आणि वेल्डिंगची ठिणगी.

हाताने काम करण्याला या सदराचा विरोध नाही. उलट, आपल्या गाडीच्या खाली एकदा तरी शिरून पाहावे, या मताचा मी आहे. सायलेन्सर बनवणे हे रॉकेट बनवणे नव्हे. परंतु या कामात शरीराला होणाऱ्या इजा बहुतेकांना ठाऊक नसतात आणि त्यांपैकी दोन-तीन तर कामाच्या वेळी जाणवतही नाहीत. रात्री जाणवतात.

पहिली चूक पाइप निवडताना होते. हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो तो नळाचा जी. आय. पाइप. पांढरा, चकचकीत, गंजणार नाही असा. त्यावर जस्ताचा मुलामा असतो. लोखंड वितळायला सुमारे १५०० अंश सेल्सियस उष्णता लागते, जस्त मात्र ९०७ अंशांलाच उकळते. म्हणजे वेल्डिंगचा रॉड लोखंडाला भिडून ते वितळण्याच्या आतच जस्ताची वाफ झालेली असते. ती हवेत येताच पांढऱ्या धुरासारखी दिसते आणि श्वासाबरोबर फुप्फुसात जाते. काम करताना घसा थोडा खवखवतो, तोंडाला पैसा चघळल्यासारखी चव येते, एवढेच. मग चार ते दहा तासांनी हुडहुडी भरते, ताप चढतो, अंग ठणकते, छाती आवळल्यासारखी वाटते. घरचे म्हणतात मलेरिया. रक्त तपासले तर त्यात काही सापडत नाही. एक-दोन दिवसांत ताप आपोआप उतरतो.

हा धातूच्या धुराचा ताप. भंडाऱ्याच्या वाचकांना त्याची ओळख करून देणे म्हणजे खरे तर उलटी गंगा. आपला जिल्हा पितळी भांड्यांचा आणि पितळ म्हणजे तांबे अधिक जस्त. पितळ ओतणाऱ्या कारागिरांचा हा आजार जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत फार पूर्वीपासून नोंदलेला आहे. युरोपात त्याला पितळ ओतणाऱ्यांचा ताप म्हणत, तसेच सोमवारचा तापही म्हणत. आठवडाभर रोज धूर घेतला की शरीर त्याला तात्पुरते सरावते. सुटीत हा सराव मोडतो आणि कामाच्या पहिल्या दिवशी ताप पुन्हा गाठतो. वर्षातून एकदा अंगणात वेल्डिंग करणाऱ्याला तर सराव नसतोच. 'काम झाल्यावर दूध प्या' हा सल्ला कारखान्यांतून सर्रास दिला जातो. दूध जाते पोटात आणि धूर गेलेला असतो फुप्फुसात. दूध प्यायला हरकत नाही, पण त्याला औषध समजू नये.

एक सावधगिरी महत्त्वाची. जुन्या गाडीचे काही नट-बोल्ट, पट्ट्या यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. त्याचा धूर सुरुवातीला असाच ताप आणतो, पण पुढे फुप्फुसात पाणी भरते आणि माणूस दगावू शकतो. म्हणून वेल्डिंगनंतरचा ताप दोन दिवसांत उतरला नाही, किंवा तापापेक्षा दम वाढत चालला, तर घरी थांबू नये. डॉक्टरांना 'मी वेल्डिंग केले होते' हे वाक्य आवर्जून सांगावे. तुम्ही ते सांगितले नाही तर कोणत्याही डॉक्टरला तपासून ते कळणार नाही.

तेव्हा पाइप घ्यायचाच तर मुलामा नसलेला काळा एम. एस. पाइप घ्यावा. स्टेनलेस स्टील टिकते हे खरे, पण ते वेल्ड करताना क्रोमियमचा एक विषारी प्रकार धुरात येतो आणि तो कर्करोगकारक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये सर्वच प्रकारच्या वेल्डिंगच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात टाकले. एका रविवारच्या कामाने कर्करोग होतो असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की काम उघड्यावर करावे, वारा पाठीकडून नव्हे तर बाजूने वाहत असावा आणि डोके धुराच्या लोटात घालू नये. तोंडाला बांधलेला दुपट्टा धूळ अडवतो. वेल्डिंगच्या धुराचे कण इतके बारीक असतात की दुपट्ट्यातून ते मुंग्या जाळीतून जाव्यात तसे जातात.

पाइप जोडण्याआधी तेल-ग्रीस पुसण्यासाठी बाजारात फवाऱ्याचे डबे मिळतात, ब्रेक साफ करण्याचे. त्यांतील काहींत क्लोरीनयुक्त द्रावण असते. ते पूर्ण वाळले नसताना त्यावर वेल्डिंगची ज्योत पडली तर फॉस्जीन वायू तयार होतो. पहिल्या महायुद्धात माणसे मारायला वापरला तोच हा वायू. त्याचा वास सुरुवातीला फारसा त्रासदायक नसतो आणि फुप्फुसांची सूज काही तासांनी येते. त्यापेक्षा साबणाचे पाणी आणि तारेचा ब्रश बरा. जुन्या गाडीच्या जोडात राखाडी दोरी किंवा पुठ्ठ्यासारखे पॅकिंग निघाले तर ते कोरडे खरवडू नये, ग्राइंडर तर मुळीच लावू नये. ते एस्बेस्टॉस असू शकते. ओले करून काढावे, पिशवीत बांधावे.

डोळ्यांचे तर आपल्याकडे सगळ्यांनाच माहीत असते, तरी दर आठवड्याला कोणीतरी रात्री दोन वाजता डोळे चोळत येतोच. वेल्डिंगचा प्रकाश नुसता 'एक सेकंद पाहिला' तरी बुबुळाचा वरचा थर भाजतो. त्रास सहा ते बारा तासांनी सुरू होतो. डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी गळते, उजेड सहन होत नाही. बहुधा एक-दोन दिवसांत बरे वाटते. बटाट्याच्या चकत्या, गूळ, दुसऱ्याच्या घरातले उरलेले थेंब, यांतले काही घालू नये. बधिर करणारे थेंब तर घरी मुळीच वापरू नयेत. त्यांनी दुखणे थांबते आणि जखम भरणेही थांबते. आणि वेल्डिंगभोवती उभ्या राहिलेल्या पोरांना आधी हाकलावे. काळी काच तुमच्या हातात असते, त्यांच्या नाही.

आता मुख्य गोष्ट. वर सांगितलेले सारे काम करणाऱ्याचे दुखणे झाले. सायलेन्सर गाडीखाली बसल्यावर जे होते ते गाडीत बसणाऱ्या सगळ्यांचे.

सायलेन्सरचे काम आवाज कमी करणे, असे आपण समजतो. त्याचे दुसरे आणि मोठे काम म्हणजे धूर माणसांपासून दूर, गाडीच्या मागे नेऊन सोडणे. पेट्रोलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही, तो डोळ्यांना झोंबत नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणजे रक्त वाहत असते, श्वास चालू असतो, पण प्राणवायूची जागाच शिल्लक नसते. हवेच्या हजार भागांत याचे दीड-दोन भाग जरी असले तरी माणूस तास-दोन तासांत दगावू शकतो. आणि पीयूसी तपासणीत जुन्या पेट्रोल कारना जी सूट होती ती धुराच्या शंभर भागांत तीन भागांची, यावरून हिशेब करावा.

घरी बनवलेल्या नळीत दोन दोष हमखास राहतात. एक म्हणजे वेल्डिंगमधली सुईच्या टोकाएवढी छिद्रे, विशेषतः पाइपच्या वरच्या अंगाला, जिथे गाडीखाली आडवे पडून रॉड नीट पोचत नाही. दुसरा दोष जास्त वाईट. पाइप कमी पडला म्हणून किंवा दिसायला छान म्हणून धुराचे तोंड बंपरच्या आतच, गाडीच्या पोटाखाली सोडले जाते. कारच्या तळाला वायरींसाठी, गिअरसाठी भोके असतात, त्यांचे रबर जुने झालेले असते, मागच्या दाराची पट्टी सैल असते. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि धूर आत ओढला जातो. डिकी उघडी ठेवून धानाची पोती नेली तर हे आणखी वाढते. थंडीत काचा बंद, उन्हाळ्यात ए. सी. साठी काचा बंद.

लक्षणे साधी असतात : डोके जड होणे, मळमळ, जांभया, झोप. प्रवासाचा शीण किंवा 'गाडी लागली' असे आपण म्हणतो. ओळखण्याची खूण अशी, की गाडीतल्या सगळ्यांनाच एकाच वेळी त्रास होतो आणि उतरून मोकळ्या हवेत बसले की बरे वाटते. लहान मुले आणि गरोदर स्त्रिया यांना धोका अधिक. पोटातल्या बाळाचे हिमोग्लोबिन तर या वायूला आईच्यापेक्षाही घट्ट धरते. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेली माणसे सकाळी उठत नाहीत, त्याचे कारण हाच वायू.

पूर्वी ब्रिटनच्या कोळसा खाणींत कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन उतरत. जॉन हाल्डेन या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा वायू स्वतः हुंगून प्रयोग केले आणि लहान प्राण्यावर त्याचा परिणाम लवकर होतो हे दाखवले. त्यातून ही प्रथा आली. पुढे १९८६ मध्ये पक्ष्यांची जागा यंत्रांनी घेण्याचे तिथे ठरले. गाडीत कॅनरी नसतो. आणि करोनाच्या काळात घराघरांत आलेले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर इथे फसवते, कारण या वायूने भरलेल्या रक्तालाही ते ९८ दाखवू शकते.

कोणी बेशुद्ध सापडला तर आधी गाडी बंद करून दारे उघडावीत, त्याला ओढून बाहेर काढावे आणि १०८ वर फोन करावा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध प्राणवायूवर साधारण दीड तास. म्हणून 'आता बरा आहे, घरी नेतो' असे म्हणू नये.

गाडी नवी असेल तर तिच्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो. आपल्या देशात १९९५ मध्ये चार महानगरांतील नव्या पेट्रोल कारना तो सक्तीचा झाला. त्याच्या आत जाळीदार ठोकळा असतो आणि त्यावर प्लॅटिनमच्या जातीच्या धातूंचा थर. हा थर कार्बन मोनॉक्साइडचे कार्बन डायऑक्साइड करतो. घरी नळी बनवणारे लोक 'इंजिन मोकळा श्वास घेईल' म्हणून तो कापून भंगारात विकतात. इंजिन श्वास घेते की नाही ते बाजूला ठेवा, गल्लीतले लोक मात्र घेतात. बी. एस. सहा गाडीत तो काढला की डॅशबोर्डवरचा दिवाही लागतो. त्यात कापाकापी करू नये; नळी बनवायचीच तर त्याच्या मागची.

आवाजाविषयी थोडक्यात. कानाच्या आतले सूक्ष्म केसांसारखे तंतू एकदा मेले की पुन्हा येत नाहीत. ८५ डेसिबलच्या आवाजात आठ तास हे सुरक्षिततेचे टोक धरले जाते आणि पुढे दर तीन डेसिबलला हा वेळ निम्मा होतो. रात्री झोपमोड झालेल्या म्हाताऱ्यांचा रक्तदाब वाढतो, तो वेगळाच. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत वस्तीसाठी रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने आवाज व धुराच्या गुन्ह्याचा दंड १० हजार रुपयांपर्यंत नेला, आणि राज्यात अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली घातलेले आपण वर्तमानपत्रात पाहिले आहेत.

नळी तयार झाल्यावर गाडी उघड्यावर उभी करावी. कापणीनंतर अंगणात तणस पसरलेले असते, त्यावर गाडी चालू ठेवू नये. तापलेला कन्व्हर्टर ते पेटवू शकतो. वेल्डिंग करताना पेट्रोलची टाकी आणि तिची नळी जवळ असेल तर सायलेन्सर खाली उतरवूनच काम करावे. इंजिन थंड असताना सगळ्या जोडांवर साबणाचा फेस लावावा, गाडी चालू करून लगेच पाहावे. बुडबुडे आले तिथे गळती आहे. वरच्या बाजूचे जोड आरशात पाहावेत. धुराचे तोंड बंपरच्या बाहेर यायला हवे. नळी पाय लागेल अशी बाहेर काढू नये. भाजलेच तर वीस मिनिटे वाहते थंड पाणी, टूथपेस्ट नाही. पहिले चार-पाच दिवस सगळ्या काचा उघड्या ठेवून एकट्याने गाडी चालवावी, मुलांना बसवू नये, आणि डोके जड वाटले की गाडी तिथेच थांबवून खाली उतरावे.