रेडवुडच्या छायेत, मुलांसह तंबूत

जून महिन्यात अमेरिकेतील शाळांना सुट्टी लागली, की मोटारीच्या डिकीत तंबू, स्लीपिंग बॅगा आणि खेळणी कोंबून असंख्य कुटुंबे स्टेट पार्कच्या वाटेला लागतात. सॅन फ्रान्सिस्को परिसरातील मराठी कुटुंबेही त्यात असतात; त्यांच्या डिकीत चिवड्याचा डबा हमखास असतो. या चिवड्याचा संबंध पुढे एका दुर्मिळ पक्ष्याशी येणार आहे.

योसेमिटीसारखी नॅशनल पार्क जगप्रसिद्ध असली, तरी राज्य शासनाच्या अखत्यारीतील स्टेट पार्क लहान मुलांना अधिक सोयीची ठरतात. कॅलिफोर्नियात अशी सुमारे २८० स्थळे आहेत. तंबूच्या प्रत्येक जागेवर लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडे आणि मोटार उभी करण्यापुरती जागा असते. बहुतेक ठिकाणी अन्न ठेवण्यासाठी कडीबंद पेटीही असते. एका जागेवर आठ माणसांना मुभा असते. आरक्षण सहा महिने आधी खुले होते. म्हणजे जुलैतील सहलीचा बेत जानेवारीत, थंडीत कुडकुडतच ठरवावा लागतो.

सॅन फ्रान्सिस्कोहून १०१ क्रमांकाच्या महामार्गाने उत्तरेस हम्बोल्ट रेडवुड्स स्टेट पार्क सुमारे चार तासांवर आहे. हे चार तास नकाशातील. सोबत तीन वर्षांचे मूल असेल तर सहा धरावेत. तेथून प्रेअरी क्रीक दोन तासांवर आणि पुढे जेडेडाया स्मिथ तासाभरावर. प्रत्येक ठिकाणी निदान दोन रात्री काढाव्यात. रोज तंबू उभारणे आणि मोडणे यातच मोठ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. मुलांना स्थळदर्शनाची घाई नसतेच. त्यांना एक ओढा, एक आडवे पडलेले झाड आणि प्रेअरी क्रीकच्या कुरणात चरणारी एल्क हरणे पुरतात. हरणे मात्र लांबूनच पाहावीत. सागरी धुक्यामुळे येथे ऐन उन्हाळ्यातही रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. आजीने भारतातून आणलेली कानटोपी येथे खरोखर उपयोगी पडते.

या अरण्यांत मार्बल्ड मरेलेट नावाचा छोटा समुद्रपक्षी राहतो. तो मासे समुद्रात पकडतो आणि अंडे मात्र किनाऱ्यापासून दूर, पुरातन वृक्षांच्या शेवाळलेल्या जाड फांदीवर घालतो, तेही एकच. घरटे असे तो बांधतच नाही. त्यामुळे उत्तर अमेरिकेतील पक्षिशास्त्रज्ञांना त्याचे घरटे कित्येक वर्षे सापडले नव्हते. अखेर १९७४ साली बिग बेसिन या स्टेट पार्कमध्ये, झाडावर चढून काम करणाऱ्या एका माणसाला ते अवचित दिसले. जुनी झाडे तोडली गेल्याने पक्ष्यांची संख्या घटली आणि १९९२ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याला नामशेष होण्याच्या मार्गावरील प्राण्यांच्या यादीत घातले.

त्याचा एक मोठा शत्रू म्हणजे स्टेलर्स जे हा तुरेवाला, निळा, धीट पक्षी. माणसांचे उष्टे खाण्यासाठी तो तंबूंभोवती गर्दी करतो आणि मग आसपासच्या फांद्यांवरील मरेलेटची अंडी व पिल्लेही फस्त करतो. म्हणूनच टेबलाखाली सांडलेली शेव, पोह्याचा कण, बिस्किटाचा चुरा या वरवर निरुपद्रवी गोष्टी येथे घातक ठरतात. रेडवुड परिसरातील उद्यानांत कणही सांडू नये, यासाठी मोहीम चालते. संशोधकांनी तर कोंबडीची अंडी मरेलेटच्या अंड्यांप्रमाणे रंगवून, त्यात वांतीचे औषध भरून झाडांवर ठेवली. एकदा अद्दल घडलेला जे पक्षी तशा अंड्याच्या वाटेला जाणे टाळतो, असे त्यांना आढळले.

ही गोष्ट मुलांना सांगितली, की टेबलाखालचे कण वेचण्याचे काम ती आपण होऊन अंगावर घेतात. अन्न पेटीत, कचरा झाकणबंद डब्यात आणि जे पक्ष्याला हाताने काहीही न देणे, एवढे तीन नियम चार वर्षांच्या मुलालाही पेलतात. सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी अनेक उद्यानांत ज्युनिअर रेंजर हा उपक्रमही असतो.

रात्री दहानंतर शांततेची वेळ सुरू होते. लहान मुलामुळे पहाटे पाचलाच जाग आलेल्या आईवडिलांनी तंबूची चेन उघडून जरा कान द्यावा. धुक्याआडून, झाडांच्या शेंड्यांवरून ‘कीर, कीर’ असा आवाज झपाट्याने सरकत गेला, तर तो समुद्राकडून येणारा मरेलेट असतो.