घाटापलीकडे (भाग ७) : दोन राजांचं एक नाणं

गेल्या आठवड्यात मुरबाडच्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढलो आणि सातवाहन राणी नागनिकेच्या लेखापाशी थांबलो. सातवाहनांची गोष्ट तिथे अर्धीच राहिली. उरलेली नाशिकला आहे, म्हणून या वेळी थळघाटाची वाट.

घाटाखालच्या आमच्या उंबरमाळीच्या माणसाला नाशिक परकं नाही. लोकलने कसारा एकच स्टेशन, पुढे काळी-पिवळी, नाहीतर बँकर इंजिन लावून घाट चढणारी गाडी. आगगाडी कसाऱ्याला १८६१ साली आली. वर इगतपुरीला पोहोचायला मात्र १८६५ उजाडलं, कारण घाटात सदतीस फुटांना एक फूट असा चढ आहे. आपली माणसं नाशिकला जातात ती रामकुंडावर अस्थी सोडायला, दवाखान्यात, किंवा आदिवासी विकास आयुक्तालयात अडकलेला कागद हलवायला. शहर बघायला म्हणून जाणारा विरळाच.

बघायचंच असेल तर शहरात शिरू नका. त्याच्या अलीकडे, मुंबई-आग्रा रस्त्यालगतच्या डोंगरात पांडवलेणी आहेत. नाव पांडवांचं असलं तरी ही बौद्ध लेणी. पायथ्याशी फाळके स्मारक आहे, ते उतरताना बघू. आधी दहा नंबरचं लेणं गाठा. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने ते कोरवून घेतलं आणि भिंतीवर आपल्या दानांचा हिशेब लिहवला. मला हा लेख कुठल्याही राजस्तुतीपेक्षा मोलाचा वाटतो, कारण त्यात रोख व्यवहार आहे. उषवदाताने ३,००० कार्षापण नाणी गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, कायमची ठेवली. एका श्रेणीकडे २,०००, महिना शेकडा एक व्याजाने; दुसरीकडे १,०००, महिना शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत मागायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून लेण्यात पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी १२ कार्षापण. गुणाकार करून बघा: वर्षाचं व्याज २४०, आणि वीस बारे तेवढेच. कमी दराच्या ठेवीतून भिक्षूंचा किरकोळ खर्च भागायचा. गोवर्धन हे गाव आजही नाशिकजवळ त्याच नावाने आहे.

घाटाखालच्या आपल्यासाठी याच लेखांत आणखी एक गंमत आहे. उषवदाताने ज्या नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, त्यांत दमण आणि डहाणूकडच्या नद्या येतात. दान दिलेल्या ठिकाणांत शूर्पारक, म्हणजे आपलं नालासोपारा, येतं. समुद्रावरच्या बंदरातला माल घाटमाथ्यावर न्यायचा तर वाट आपल्याच रानातून जाणार. गोवर्धनच्या विणकरांकडे व्याजाने लावता येईल एवढा पैसा कुठून खेळत होता, ते इथे कळतं.

आता तीन नंबरचं लेणं. तिथे गौतमी बलश्री ही आजी आपल्या गेलेल्या मुलाबद्दल, सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीबद्दल, लिहवून घेते. नातू पुळुमावी याच्या राज्याचं तेव्हा एकोणिसावं वर्ष. तिचा दावा असा की मुलाने क्षहरातांचा, म्हणजे नहपानाच्या घराण्याचा, पुरता निःपात केला. आईने मुलाचं कौतुक केलं तर ते किती धरायचं? १९०६ साली याच जिल्ह्यात जोगलटेंभी गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, सव्वातेरा हजारांच्या आसपास. सगळी नहपानाची. पण त्यातल्या दोन तृतीयांशांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने पुन्हा आपला ठसा मारलेला: एका बाजूला कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला उज्जैन चिन्ह. खाली नहपानाचा चेहरा आणि ग्रीक, ब्राह्मी, खरोष्ठी अशा तीन लिप्यांतली त्याची नावं अर्धवट दिसत राहतात. वितळवून नवं पाडण्याएवढी सवड नसावी, किंवा गरजच वाटली नसेल. आईचं म्हणणं निदान तिजोरीपुरतं तरी खरं निघालं.

नाण्यांची गोडी लागली तर त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० साली सुरू झालेली नाणेशास्त्राची संशोधन संस्था आणि तिचं संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जावं अशी ती जागा. एका रुपयाच्या आधी काय काय होऊन गेलं ते तिथे डोळ्यांनी दिसतं. शहरात १८४० सालापासूनचं सार्वजनिक वाचनालय आहे, त्याचा वस्तुसंग्रहही चुकवू नये.

जुनं नाशिक मात्र पायीच. रविवार कारंजा, मेनरोड, भांडीबाजार, सराफबाजार आणि तिथला पेशवेकालीन सरकारवाडा. गोदाकाठी दुतोंड्या मारुती उभा आहे. पाणी त्याच्या कुठवर आलं यावरून नाशिककर पुराची उंची सांगतात. पलीकडे पंचवटीत काळाराम मंदिर. त्याच्या दगडी कामाचं वर्णन सगळीकडे मिळेल. मी सांगेन की दरवाजा नीट बघा, कारण २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला तो इथे. दादासाहेब गायकवाडांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. दरवाजे काही तेव्हा उघडले नाहीत.

या जुन्या गल्ल्यांत रहाडी आहेत, हे बाहेरच्याला सांगूनही पटत नाही. पेशव्यांच्या काळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर रस्त्याखाली झाकलेले असतात. वरून रिक्षा जातात. रंगपंचमीला माती उकरून, ओंडके काढून ते उघडतात, रंगाने भरतात आणि माणसं धडाधड उड्या मारतात. रहाडीचा रंगही ठरलेला, प्रत्येकीचा वेगळा.

एवढं सगळं बघून एक खटकतंच. राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकला, पेठ-सुरगाण्याची माणसं द्राक्षबागांच्या कामासाठी दरसाल दिंडोरी-निफाडला उतरतात, आणि तरी या शहराच्या पर्यटनाच्या पत्रकात महादेव कोळी, कोकणा, वारली शोधावे लागतात. आदिवासींचं मोठं संग्रहालय आहे ते पुण्याला, आदिवासी संशोधन संस्थेत. तिथले मुखवटे सुंदर आहेत. पण मुखवटा हलताना बघायचा असेल तर होळीनंतर मोखाड्याकडे निघा. बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, सोंगं रात्रभर नाचतात, संबळ वाजतो, आणि कुठलं सोंग कुठल्या घराचं ते गावाला पाठ असतं. उंबरमाळीहून कसारा, तिथून विहीगाव मार्गे मोखाडा. नाशिकपर्यंत जायची गरजच नाही.

पुढच्या आठवड्यात सिन्नर: आपल्या माहुलीच्या डोंगराच्याच जातीचा काळा कातळ, आणि त्याच्या पोकळ्यांत तयार झालेली झिओलाइटं मांडणारं गारगोटी संग्रहालय.