पडदे अनेक, क्षण एक

एकच चित्रफीत अनेक पडद्यांवर एकाच क्षणी दिसायची, तर सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एक लॅपटॉप आणि एचडीएमआय स्प्लिटर. बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीसाठी गल्लीत दोन-तीन पडदे उभारायचे असले, तरी जमेल तिथवर हाच मार्ग बरा. मात्र प्रत्येक पडदा चित्र आपापल्या परीने सुधारत बसतो आणि त्यात वेळ घालवतो. टीव्हीवर ‘गेम मोड’ लावला की हा उशीर बराच घटतो. सगळे पडदे एकाच मॉडेलचे असले तर उत्तमच.

अंतर वाढले की प्रत्येक पडद्याला स्वतंत्र प्लेअर लागतो, आणि खरी डोकेदुखी तिथे सुरू होते. सेकंदाला 25 फ्रेमच्या चित्रफितीत एक फ्रेम 40 मिलिसेकंद टिकते. दोन प्लेअरच्या घड्याळांत दशलक्षात फक्त 20 भागांचा फरक असला, तरी तासाभरात 72 मिलिसेकंदांची तफावत पडते. म्हणून सगळी बटणे एकदम दाबून भागत नाही. एक प्लेअर मुख्य ठरवून बाकीचे त्याच्या वेळेशी सतत जुळवत ठेवावे लागतात. फाइल प्रत्येकात आधीच भरून ठेवावी आणि जोडणी केबलने करावी. मिरवणुकीच्या गर्दीत, हजारो मोबाइलांमध्ये, वाय-फायवर विसंबणे म्हणजे जुगारच.

आवाजाचा हिशेब वेगळा. तो सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. त्यामुळे दूरच्या स्पीकरला मुख्य स्पीकरपासूनच्या अंतराप्रमाणे, मीटरमागे साधारण 3 मिलिसेकंद, विलंब द्यावा. नाहीतर मागच्या प्रेक्षकांना प्रत्येक घोषणा दोनदा ऐकू येते.